देव्हाऱ्यातली शिवराई

जुन्या नाण्यांचा नाद मला चाळिशीनंतर लागला, त्यामुळे माझे प्रश्न अगदी बालवाडीतले होते. जुनं म्हणजे महाग का? भोक पडलेलं चालतं का? कोल्हापुरात नाण्यांचं प्रदर्शन भरलं की गडमुडशिंगीहून बसने जायचं आणि तिथल्या एका व्यापाऱ्याचं डोकं खायचं. तो बिचारा न कंटाळता सांगायचा, "वहिनी, नुसत्या वयाला किंमत न्हाय. तसली किती सापडत्यात आन् अक्षरं किती शाबूत हायत, ह्ये बघायचं. आणि एक, नाणं कधी घासायचं न्हाय."

घासायचं नाही! आमच्या देव्हाऱ्यात टाकांशेजारी एक शिवराई आहे, मराठेशाहीतला तांब्याचा पैसा. सासूबाई ती रोज पूजेआधी चिंच-मीठ लावून घासायच्या. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई. हे काम घरातल्या थोरल्या बाईचंच. इतक्या वर्षांत मला तिला हात लावू दिला नव्हता, आणि ते मला मनातून लागायचंही.

मग दिराने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला. असल्या नाण्याचे लाखो रुपये येतात म्हणे. झालं, साहेबांना चारचाकी दिसायला लागली. "नुसतीच पडून हाय की देवापुढं, इकूया!" शेंडेफळापुढे सासूबाईंचं कधीच काही चालत नाही. त्या नुसत्या हो म्हणाल्या, पण त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आम्ही तिघं प्रदर्शनाला गेलो. व्यापाऱ्याने भिंग लावून शिवराई उलटीपालटी केली. चघळलेल्या गोळीसारखी गुळगुळीत झाली होती ती.

"मावशी, ह्ये रोज घासलंय व्हय?"

"व्हय की. देवाला काय काळं ठेवू?"

"अक्षर एक राहिलं न्हाय. आता तांब्याच्या भावात जाईल."

दिराचं तोंड एवढंसं झालं. सासूबाईंनी व्यापाऱ्याच्या हातातून शिवराई उचलली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि मोठ्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या घरच्या बायकांनी घासलीया ती. अशी तशी न्हाय झिजली." आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मला त्या बाईचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू, मीही उगीचच ताठ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला देव्हाऱ्यापुढे बोलावलं आणि शिवराई माझ्या तळहातावर ठेवली. "घे. हितनं म्होरं तू घास."

माझ्या संग्रहातल्या एकाही नाण्याला मी ओलं बोट लावत नाही. ही मात्र चिंच लावून अशी खसाखसा घासली, की सासूबाईच म्हणाल्या, "आगं बास की, झिजंल!"

"झिजू दे," मी म्हटलं. "तेवढीच किंमत कमी."