रिंग गेली, पण आवाज आला नाही

रविवार. इतके दिवस इथं ब्लॉगवर फिरकलेच नाही, रागावू नका.

आज गुलमंडीतल्या आमच्या कापडाच्या दुकानात इंटरनेटवर चालणारा नवा फोन राउटरला जोडला. रिंग जाते एवढं पाहूनच मी खूश. "बाबा, कुणालाही लावून बघा," म्हटलं. बाबांनी लावला थेट गंगापूरला, आत्याला! तिच्या नातवाच्या बारशाला ते गेले नाहीत, तेव्हापासून दोघा भावंडांचा अबोला.

फोन उचलला गेला, पण पलीकडून काहीच आवाज नाही.

"शांते, अजून रुसलीस व्हय?" बाबा म्हणाले. "यायला पायजे होतं मी. चुकलंच माझं."

तोवर माझ्या लक्षात आलं होतं. आमचा फोन फक्त दुकानाच्या आतच चालणारा इंटरनेटचा पत्ता (आयपी) बाहेर सांगत होता, त्यामुळे आत्याचा आवाज आमच्यापर्यंत पोचतच नव्हता. तिला मात्र बाबा स्वच्छ ऐकू येत होते. मी हे बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तिथंच फोन ठेवला असता.

त्यांचं बोलून झाल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये राउटरचा बाहेरचा आयपी पत्ता भरला आणि फोन पुन्हा लावून दिला.

"दादा, मघाशी काय म्हणत होतास? परत म्हण की."

"ऐकलंस ना समदं?"

"ऐकलं. मी बोलत होते, तुलाच येत नव्हतं ऐकू. तरी म्हण."

"लई लबाड हायेस!" म्हणत बाबा पुन्हा पहिल्यापासून सगळं बोलले.

मी गप्प राहिले, ते बरोबर केलं का? तुम्ही काय केलं असतं?

उद्याचं काम: बाबांना गंगापूरच्या एसटीत बसवून देणे.