कुंदाबाईंचा अनंत

कुंदाबाई अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. नवरा कमलाकांत वकिली सोडून घरीच असायचा. त्यांना एकच मुलगी झाली होती, ती बारसं व्हायच्या आधीच गेली.

पुढे बऱ्याच वर्षांनी कुंदाबाईंनी नर्सरीतून अनंताची चार रोपं आणली. अनंताला आंबट माती लागते आणि आपल्याकडची काळी माती चुनखडीची. वर्षभरात पानं पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या. नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, पीटची पिशवी न्या, आंबट मातीच असते ती. बाहेरच्या देशातून येते."

कुंदाबाईंनी पीटबद्दल वाचलं. हजारो वर्षं साचलेली दलदल उकरून ते काढतात म्हणे. त्यांना ते पटेना. शोध सुरू झाला. नारळाच्या काथ्याचा भुसा आणला, तो खारट निघाला, म्हणून पाणी बदलत धुतला. चिखलदऱ्याहून कॉफीची टरफलं आणून कुजवली. पालापाचोळ्याचं खत मिसळलं, चिमूटभर गंधक घातलं. बोअरचं पाणी जड, म्हणून पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवलं. मिश्रण भरताना लिटमस कागद लाल व्हायचा, म्हणजे माती आंबट. महिन्याभराने त्याच कुंडीत तो निळा. मग सगळं उपसायचं आणि प्रमाण बदलून पुन्हा भरायचं. चार वर्षं हेच चाललं. दोन रोपं मेली.

पाहुणे आले की कमलाकांत त्यांना मुद्दाम अंगणात न्यायचा. "या आमच्या विज्ञानाच्या बाई. कुंदाच्या हाती काही जगत नाही."

मुलीचं सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुणे चपलांकडे बघत उभे राहायचे. कुंदाबाई चहा टाकायला आत जायच्या.

घरकामाला येणाऱ्या माणिकबाईंना त्यांनी एकदा फांदी लावून दिली होती, त्याच मिश्रणात. ती माणिकबाईंच्या दारात भरभरून फुलली. ओंजळभर पांढरी फुलं घेऊन त्या आल्या तेव्हा कुंदाबाई बघतच राहिल्या.

"माणिकबाई, तुम्ही वेगळं काय घातलं?"

"काईच नाई, बाई. तुमी सांगतलं तेच पावसाचं पानी. साहेबासारखं चुन्याचं पानी तं मी टाकत नाई."

"कसलं पाणी?"

"तुमी शाळेत गेल्या का साहेब पानाचा चुना तांब्यात कालवते न कुंड्याईत टाकते. मले वाटलं, तुमीच सांगून ठेवलं असन."

कुंदाबाई आत गेल्या. कमलाकांत पान लावत होता.

"अहो, तुम्ही माझ्या झाडांना चुना घालता?"

त्याने पानावरून बोट फिरवलं. "घालतो. चार वर्षं तुला पत्ता लागला नाही. शाळेत काय शिकवतेस गं?"

"पण का?"

"गंमत. कागद निळा झाला की तुझा चेहरा बघण्यासारखा होतो."

त्याच दुपारी उरलेली दोन रोपं ऑटोत घालून त्यांनी माणिकबाईंकडे नेली. पावसाळा सरता सरता ती हिरवी झाली.

दिवाळीत कमलाकांतचा चुलतभाऊ भगवंतराव बायको कौशल्याबरोबर आला. रिकामं अंगण दाखवून कमलाकांतने तेच वाक्य उच्चारलं. या वेळी कुंदाबाई आत गेल्या नाहीत.

"जगली आहेत झाडं. माणिकबाईंकडे आहेत. इथे हे रोज चुना घालत होते."

कमलाकांत मोठ्याने हसला. भगवंतरावही हसले. कौशल्याबाईंनी कुंदाबाईंचा हात दाबला आणि त्या हलकेच म्हणाल्या, "वहिनी, चारचौघांत नवऱ्यावर असा आळ घेऊ नये. मूल गेलं की बाईच्या मनाचं काही खरं नसतं, आम्ही समजतो."

पाहुणे गेल्यावर कमलाकांतने विचारलं, "सांगितलंस ना? कोणी ऐकलं?"

कोणीच ऐकलं नव्हतं.

जूनमध्ये कुंदाबाई परतवाड्याच्या एका शाळेत रुजू झाल्या आणि तिथेच खोली घेऊन राहिल्या. नातेवाईक अजून कमलाकांतला आळीपाळीने डबा पोचवतात आणि हळहळतात, की बाईने झाडांपायी नवरा टाकला.