घाट चढून गेलेला डबा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी मनातल्या मनात हात जोडतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेचसे तपशील आता पुसट झालेत. हे प्रकरण कागदोपत्री साधं फसवणुकीचं. पण कुणी म्हटलं की साहेब, एखादी केस सांगा, तर माझ्या तोंडून हीच निघते. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही.

मी दिल्लीतच वाढलेला मराठी माणूस. वडील सरकारी नोकरीसाठी इकडे आले ते इकडचेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि ठाण्यात शिव्यांसकट हरियाणवी, असा आमचा कारभार. उदारीकरण येऊन काही वर्षं झाली होती तेव्हा माझी बदली दिल्लीतल्याच द्वारकेच्या बाजूच्या ठाण्यावर झाली. द्वारका तेव्हा नुसती उभी राहत होती. फ्लॅटचा ताबा मिळालेला, पण पाणी टँकरचं. रस्ते आखलेले, पण दिव्यांचा पत्ता नाही. आणि दिवसभर आवाज! काँक्रीटचे मिक्सर, फरशी कापायची यंत्रं, पाया ठोकणारे घण. फोनवर बोलायचं तर आम्ही ठाण्याच्या खिडक्या लावून घ्यायचो.

एका सकाळी आमचा खबऱ्या आला. औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी त्याची चहाची गाडी होती. गाड्यांचे चांगले भाग काढून जुने बसवणाऱ्या एका वर्कशॉपच्या आम्ही मागावर होतो, आणि त्याबद्दलच तो सांगत होता. निघता निघता म्हणाला, "और साहब, वो बड़ा सफ़ेद डब्बा है ना, घर वाला? उसका भी हुक बदल दिया. वो लोग तो पहाड़ पे निकल भी गए."

मी त्याला पुन्हा खाली बसवलं.

तो डबा मला चांगलाच माहीत होता. आमच्या हद्दीतल्या एका सोसायटीत एक मराठी कुटुंब राहत होतं. गृहस्थ नव्या परदेशी कंपनीत इंजिनिअर, पत्नी साताऱ्याकडची, आणि एक लहान मुलगी. या मुलीला आवाज सोसत नसे. मिक्सर सुरू झाला की कान दाबून पलंगाखाली शिरायची, कधी स्वतःच्याच हाताला चावायची. डॉक्टर म्हणाले, जमेल तेवढी शांतता द्या. आता द्वारकेत शांतता आणायची कुठून? हॉटेलात तिचा निभाव लागेना. शेवटी या पठ्ठ्याने चाकांवरचं घर बांधून घेतलं. दोन पलंग, छोटा ओटा, पडदे, सगळं. जीपच्या मागे जोडायचं आणि डोंगरात न्यायचं.

सोसायटीने पार्किंगवरून तक्रार केली तेव्हा ते ठाण्यात आले होते. मराठी निघाले म्हणून मी चहा मागवला. म्हणाले, "साहेब, डबा ओढणं सोपं आहे हो, जागा मिळणं कठीण. मसुरीला वळवायलाच जागा नव्हती. शिमल्याला ट्रॅफिक अडला आणि लोकांनी माझ्या आईबापांचा उद्धार केला. पसरट मैदान हवं, आणि आसपास चिटपाखरू नको. प्रत्येक सुट्टीत आम्ही तेच शोधत असतो." मी हसलो होतो. मनात म्हटलं, काय खटाटोप करतो हा माणूस पोरीसाठी.

वर्कशॉपच्या मालकाला आणून बसवलं. धिप्पाड, गोडबोल्या माणूस. मी हात उचलणाऱ्यांतला नाही. माणसाला बोलू द्यावं, तो काय टाळतो तेवढं ऐकावं, ही माझी पद्धत. तो भरपूर बोलला. डबा बांधताना पत्रा कुठून आणला, रंगाचे हात किती दिले, मुलीला आवाज येऊ नये म्हणून भिंतींत जाड फोम कसा भरला, सगळं सांगितलं. डबा गाडीला ज्या लोखंडी हुकाने जोडतात, त्याबद्दल अवाक्षर नाही.

मी म्हटलं, "सब बता दिया. अब हुक का बता दो."

तो घाम पुसायला लागला. या सुट्टीआधी डबा तपासणीला आला होता, तेव्हा दुसऱ्या एका गिऱ्हाईकाला घाई होती, म्हणून डब्याचा चांगला हुक काढून त्याला दिला होता. डब्याला भंगारातला, तडा गेलेला हुक वेल्डिंग करून लावला आणि वरून रंग मारला.

"टिकेगा?" मी विचारलं.

"चढ़ाई में पकड़ लेगा, जनाब. उतराई में ब्रेक के झटके लगते हैं..." आणि तो एकदम डोकं धरून बसला. "जनाब, बच्ची तो डब्बे में ही बैठती है. जीप का इंजन उससे सहा नहीं जाता. माँ भी उसके साथ पीछे बैठती है."

मागच्या डब्यात मायलेकी आणि समोर डोंगराचा उतार. ते उतरायच्या आत त्यांना गाठायचं होतं, आणि ते कुठे आहेत हे देवालाच ठाऊक. मोबाइल होते, पण बड्या लोकांच्या हातात, आणि डोंगरात त्यांचाही उपयोग नव्हता.

हेड कॉन्स्टेबलला सोसायटीत पिटाळलं. तो खुशीत परत आला. "जनाब, पता चल गया. पड़ोसन को कल फ़ोन आया था पीसीओ से. घाट पे रुके हैं. कल सुबह चलेंगे."

घाट म्हणजे हरिद्वार, नाही तर ऋषिकेश. वायरलेस गेला. तिकडच्या पोलिसांनी घाट पालथे घातले, धर्मशाळांची आवारं पाहिली, बसअड्डे पाहिले. दुपार कलली तरी उत्तर एकच, असा डबा इकडे कुणी पाहिलेला नाही. मला ते पटेना. एवढं धूड गर्दीच्या गावात शिरलं तर शेंबडं पोर सुद्धा सांगेल. आणि ज्यांना चिटपाखरू नको ते हरिद्वारच्या गर्दीत कशाला मरायला जातील?

मी स्वतः जीप काढली. शेजारीण म्हणजे एक वयस्क पंजाबी आंटी. मी म्हटलं, "आंटी, मतलब मत बताइए. बहनजी जैसे बोलीं, बिल्कुल वैसे बोलिए."

आंटींनी आठवून आठवून सांगितलं. "बोली, आंटी, हम घाट चढ़ के ऊपर आ गए. इधर बहुत शांत है. डब्बा घुमाने को भी जगह है. परसों सुबह घाट उतरेंगे."

"चढ़ के?"

"हाँ, सीढ़ियाँ होती हैं ना घाट की. मैंने कहा, गंगा मैया को मेरा भी प्रणाम कहना. बोली, हाँ हाँ आंटी. लाइन बड़ी ख़राब थी."

अहो, साताऱ्याची बाई ती! उत्तरेत घाट म्हणजे नदीकाठच्या पायऱ्या. आपल्याकडे घाट म्हणजे डोंगरातला वळणांचा रस्ता. तो चढायचा असतो, उतरायचा असतो. लहानपणी सुट्टीत गावी जाताना घाट लागला की आई आम्हाला लिंबू हुंगायला द्यायची, उलटी होऊ नये म्हणून. वहिनी आंटींशी हिंदी बोलत होत्या, पण घाट मात्र साताऱ्याचाच होता.

म्हणजे डोंगर. पण कोणता? उत्तरेला डोंगरांना काय तोटा! मग मला आमच्या लोकांची एक रीत आठवली. दिल्लीची मराठी माणसं वरच्या बाजूला निघाली की पानिपतला गाडी थांबवतात आणि काला अंबला, म्हणजे मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला, डोकं टेकवून पुढे जातात. माझे वडील भर उन्हात आम्हाला तिथे उतरवायचे. गढवालचा सरळ रस्ता मेरठवरून जातो. डबा पानिपतला थांबला असेल तर तो हिमाचलकडे गेला.

पानिपतच्या ठाण्याला फोन लावला. त्यांनी स्मारकाच्या फाटकावरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, डबा फाटकाबाहेर उभा होता, बघ्यांची ही गर्दी, आणि बाई मुलीला हाताला धरून आत घेऊन गेल्या होत्या. मी टेबलावर मूठच आपटली. तिथून पुढे सोपं गेलं. हिमाचलच्या नाक्यावर डबा सगळ्यांनी पाहिला होता. त्याच्यापुढे तो कोणत्या फाट्याला वळला ते एका डोंगरी ठाण्याच्या तरुण ठाणेदाराने शोधून काढलं.

मी त्याला म्हटलं, "बड़ी चढ़ाई होगी, ऊपर ट्रक मुड़ जाए इतना मैदान होगा, और अभी वहाँ कोई नहीं होगा."

"जनाब, सेब का सीज़न अभी दूर है. ऊपर ट्रकों का अड्डा ख़ाली पड़ा है. वही होगा." त्याच्या रस्त्यावर त्या संध्याकाळी दरड कोसळली होती. पहाटे वाट मोकळी झाली की लगेच निघतो म्हणाला.

फोन ठेवण्याआधी मी त्याला विनंती केली. "हॉर्न मत बजाना भाई, और सायरन तो बिल्कुल नहीं. बच्ची डर जाएगी." तो फक्त "जी" म्हणाला.

सकाळी मी फोनला चिकटून बसलो होतो. चहा आला आणि निवला. मला तेव्हा कोणतीही केस, कोणतंही पदक नको होतं. त्या तिघांचा आवाज कानावर यावा, बस्स.

फोन आला. "मिल गए, जनाब."

तो सांगत होता आणि मी ऐकत होतो. जीप त्याने खालच्या वळणावर सोडली आणि शेवटचा चढ पायी चढला. वर पोचला तेव्हा डबा जोडून झाला होता, मायलेकी आत बसल्या होत्या, गृहस्थांनी इंजिन सुरू केलं होतं. हा माणूस न ओरडता, नुसता हात वर करून त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला. इंजिन बंद झालं. त्याने सोबत आणलेल्या मिस्त्रीने हुकावर हातोडीचा एक ठोका मारला आणि वेल्डिंग बिस्किटासारखं तुटलं.

मी रिसीव्हर ठेवला आणि रडलो. हेड कॉन्स्टेबल बघत होता. म्हटलं, बघू दे.

पुढे वर्कशॉपवाल्यावर खटला चालला, त्याला शिक्षा झाली. जे त्याने केलं त्याला माफी नाही. पण त्या दिवशी त्याने मुलीचं सांगितलं, ते आपणहून सांगितलं, हेही मी न्यायालयात नोंदवलं. आणि त्यानंतर माझ्या ठाण्यात एक नियम झाला. माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, अर्थ आपण नंतर लावू. नव्या पोरांना हे शिकवताना मी कंटाळलो नाही. त्या ठाणेदाराला मी आजतागायत पाहिलेलं नाही. पण देवापुढे दिवा लावला की घरच्यांच्या बरोबरीने त्याचं नाव घेतो.

नवा हुक लावून मंडळी परतली तेव्हा वहिनी ठाण्यात आल्या. लाडवांचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, माझ्या धेडगुजरी हिंदीने केवढा घोळ घातला हो."

"वहिनी, उलट आहे," मी म्हटलं. "तुम्ही नुसतं पहाड़ म्हणाला असता तर आम्ही अख्खा हिमालय चाळत बसलो असतो. तुमच्या घाटामुळे कळलं की चढ मोठा आहे आणि तोच उतरायचा आहे."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, त्या डब्यात बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. त्या सकाळी मी तिची वेणी घालत होते. बाहेर कुणी आलंय, हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. वेणी पुरी झाली, मी दार उघडलं, तर ते पोलीस बाहेर दगडावर बसलेले. मी विचारलं, भैया, कब से बैठे हो? तर म्हणाले, आप आराम से कीजिए, बहनजी, अब कोई जल्दी नहीं है."