बिनआवाजाचं कार्ड

लग्नाला होकार कुल्याशने समोरचा चहा निवायच्या आत दिला होता. कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड कोणतं घ्यायचं, लाल खोक्यातलं की हिरव्या, हे मात्र तिला काही केल्या ठरवता येईना. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या पक्क्या वैरी, आणि दोघींचे भक्त तर त्याहून वैरी. इंटरनेटवर एकजण लिही, माझं लाल कार्ड मांजरीसारखं निजतं. त्याच्याच खाली दुसरा लिही, माझं लाल कार्ड दिवसभर डासासारखं गुणगुणतं. हिरव्याचंही तेच. वाचून वाचून डोळे चुरचुरायचे आणि बाई होती तिथेच.

अल्माटीत, जुन्या चाळवजा इमारतीत, एका खोलीच्या घरात ती राहायची. थडग्यांवरच्या काळ्या दगडावर माणसाचा चेहरा कोरतात, त्यासाठी जुने फोटो साफ करून देणं हा तिचा धंदा. दगडवाले बोलात-आगा फोटो पाठवायचे: पासपोर्टवरचा नखाएवढा चेहरा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यातून कात्रीने कापलेला. कुल्याश तो मोठा करायची, सुरकुत्या जागच्या जागी ठेवायची, मोडलेली भुवई जोडायची. माणूस जाऊन वर्ष व्हायच्या आत दगड उभा राहायला हवा, म्हणून सगळ्यांनाच घाई. चित्र मोठं करताना जुन्या कार्डाचे पंखे असे भणभणायचे, की खोलीत पिठाची गिरणी चालू आहे असं वाटावं.

त्याच खोलीत खिडकीपाशी तिच्या सासूचा, म्हणजे अपाचा, पलंग होता. अपाला लकवा मारून गेला होता. डावा पाय ओढत चालायची, आणि पूर्वी गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा आवाज आता उशीपलीकडे जात नव्हता. कुल्याशचा नवरा एर्देन पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर, महिना तिकडे, महिना इकडे. म्हणजे अपाची हाक ऐकायला घरात कुल्याशचेच दोन कान.

आणि ते कान कमी पडले. एका दुपारी पंखे भणभणत होते, कुल्याश कुणाच्यातरी आजोबांची टोपी नीट करत होती, आणि मागे धप्पकन आवाज झाला. अपा जमिनीवर, कपाळाला खोक. हाड मोडलं नाही हे नशीब.

"अपा, हाक मारलीत ना? या मेल्या पंख्यांमुळे मला ऐकू आली नाही ना?"

अपाने डोळे मिटून "हो" म्हटलं.

त्या "हो"ने कुल्याशला आतून कुरतडायला सुरुवात केली. काम करताना दर मिनिटाला मान मागे वळायची. पंख्यांच्या आवाजात हाका ऐकू यायच्या, वळून बघावं तर अपा छताकडे बघत पडलेली. आणखी एकदा पडली तर ही उठायची नाही, असं डॉक्टर तोंडावर सांगून गेले होते. काम सोडावं तर एकट्या एर्देनच्या पगारात औषधं बसत नव्हती. त्यातच जुनं कार्ड अर्ध्या कामात बंद पडायला लागलं. तेव्हा आता घ्यायचं ते असं, की अपाचा श्वाससुद्धा ऐकू यावा.

हिरवं कार्ड बाजारात सादिर नावाच्या दुकानदाराकडे होतं. दुकान कसलं, भिंतीतला कोनाडा. चहा पाजल्याशिवाय तो भाव सांगत नसे.

"आवाज करतं का हो हे?"

"ताई, श्वाससुद्धा घेत नाही."

"आणि केलाच तर?"

"तर सवय होईल."

"परत घ्याल?"

सादिर असा हसला, जणू तिने नवराच परत घ्याल का विचारलं. "ताई, इथून जे गेलं ते गेलं. मुलगी आणि माल, दोन्ही मी परत बोलावत नाही."

लाल कार्ड मोठ्या दुकानात होतं. तिथे चहा नव्हता, पण पंधरवड्यात परत घेण्याची सोय होती. अट एवढीच, की माल नव्यासारखा हवा: वरची पातळ फिल्मसुद्धा निघालेली चालणार नाही. मात्र लाल कार्डांतली काही बारीक किरकिरतात, हे तिथल्या विक्रेत्यानेच कबूल केलं. "पंखे शांत असतात. आतून शिटीसारखं काहीतरी येतं. सगळ्यांत नाही. ज्याच्या त्याच्या नशिबात जे निघेल ते."

तिने एर्देनला फोन लावला.

"घे गं कुठलंही. त्यात एवढं काय?"

"एवढं काही नसतं तर फोन केला असता का? तुझ्या आईच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि म्हणे कुठलंही!"

"बरं, मग लाल घे."

"का?"

"तू सांगितलंस म्हणून."

"मी कुठे सांगितलं?"

पलीकडे वारा घोंघावत होता. त्या वाऱ्याआड लपून एर्देनने फोन ठेवला.

शेवटी परत करता येतं म्हणून तिने लाल आणलं. अंडं उचलावं तसं ते खोक्यातून काढलं, फिल्म तशीच ठेवून बसवलं. खोका, पिशव्या, बारक्या तारासुद्धा पलंगाखाली जपून ठेवल्या. चित्र मोठं करायला लावलं. पंखे खरंच गप्प! कुल्याशला नाचावंसं वाटलं. आणि मग ती आली, ती बारीक शिटी. कान दिला तर होती, नाही दिला तर नव्हती. पण एकदा कान लागल्यावर तो काढायचा कसा?

दुसऱ्या दिवशी शेजारची फरीदा पीठ मागायला आली आणि पलंगाखालचा खोका तिने बरोबर टिपला. "नवीन वस्तू! आणि आम्हाला दाखवली नाही? थांब, बायगाझी देते." आणि खिशात हात घातला.

कुल्याशने झटकन हात मागे घेतले. बायगाझी म्हणजे नवी वस्तू बघणाऱ्याने हातावर ठेवायची भेट, वर "लाभू दे" म्हणायचं. ती घेतली की वस्तू घरची झाली. बायगाझी घेऊन मग तीच वस्तू दुकानात परत नेणं म्हणजे दिलेला आशीर्वाद देणाऱ्याच्या तोंडावर फेकणं. असलं कुणी केल्याचं तिने तरी ऐकलं नव्हतं.

"अगं माझं नाहीये ते! बोलात-आगांचं आहे, तपासायला ठेवलंय," ती घाईघाईने म्हणाली.

"मग एवढी घाबरतेस कशाला?" असं म्हणून फरीदा पीठ घेऊन गेली. पलंगावरून अपा सुनेकडे बघत राहिली. सून खोटं बोलली हे तिला कळलं होतं.

पुढचे दिवस कुल्याशने स्वतःला आणि घराला छळलं. कॉम्प्युटर टेबलाखाली ठेवला, मग कपाटापाशी, मग परत टेबलाखाली. काम लावायची आणि म्हणायची, "अपा, हाक मारा बघू." अपा मारायची. "ऐकू आली. आता हळू मारा." अपा हळू मारायची. "आता आणखी हळू."

"मरताना मारते तशी मारू का?" अपा एकदा वैतागली.

ऐकू यायचं सगळं. तरी कुल्याशचं मन मानेना. शिटी आज एवढी आहे, उद्या वाढली तर? नेमक्या त्या घडीला हाक शिटीत मिसळली तर? आणि हे परत करून हिरवं आणलं, ते निघालं भोंगा, तर सादिर थोडाच परत घेणार! मुदत संपत आली. शेवटच्या दिवशी तिने मन घट्ट केलं, कार्ड काढलं, खोक्यात भरलं आणि दाराशी बसून बुटाच्या नाड्या बांधायला लागली. अपाला सांगून झालं होतं, तासाभरात येते, काही हवंय का? काही नको, अपा म्हणाली होती.

कॉम्प्युटर बंद. घर इतकं शांत, की खालच्या मजल्यावरचा नळ ठिबकताना ऐकू यावा. त्या शांततेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

कुल्याश एका बुटावर आत धावली. अपा पलंगावरून उतरली होती. खुर्ची पुढे ढकलत, पाय ओढत, संडासाच्या दिशेने निघाली होती. चेहरा घामाने डबडबलेला.

"अपा! मी दारातच आहे! यंत्र बंद आहे! हाक का नाही मारलीत?"

कुल्याशने तिला काखेत हात घालून धरलं, नेलं, आणलं, पलंगावर बसवलं. मग समोर मांडी ठोकून बसली. "बोला आता."

"काय बोलू?"

"त्या दिवशी तरी मारली होतीत का हाक?"

अपाने बराच वेळ डोक्यावरचा रुमाल नीट केला. "नव्हती मारली."

"मग हो का म्हणालात?"

"तूच पंख्याचं नाव घेतलंस. मी म्हटलं, बरं झालं, पंख्यावर जातंय." अपाचा आवाज आणखी खाली गेला. "माझी सासू मला दिवसातून शंभरदा हाक मारायची. पीठ मळताना, पोराला पाजताना. तिच्या हाकेने पोटात कळ यायची माझ्या. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या सुनेला मी असं करणार नाही. आणि आता मारायची तर कशासाठी? संडासला ने म्हणून? तू तिथे मेलेल्यांची तोंडं पुसत बसलेली, त्यात जित्याचं हे आणि कुठे."

कुल्याशला भयंकर राग आला. पंधरवडाभर स्वतःला जाळलं त्याचा राग, त्या "हो"चा राग. मग ते सगळं डोळ्यांतून वाहायला लागलं. जी हाक मारलीच जाणार नव्हती, ती ऐकू यावी म्हणून ती कार्ड निवडत बसली होती.

ती उठली. दाराशी ठेवलेला खोका उघडला, कार्ड काढलं आणि अपाच्या समोर धरून त्याच्यावरची फिल्म टर्रकन ओढून काढली.

"अगं! आता परत कसं घेतील?"

"नाही घेत. नवीन वस्तू आहे, अपा. माझी आहे. बायगाझी द्या."

अपा गडबडली. उशीखाली चाचपत तिने चांदीची अंगठी काढली. "ही घे. लाभू दे."

"अंगठी नको. हाक द्या. हवं असेल तेव्हा, ज्यासाठी हवं असेल त्यासाठी."

"अशी तोंड वर करून कुणी मागतं का बायगाझी?"

"मी मागते. आणि मागितलेली बायगाझी वडीलधाऱ्या माणसाने नाकारायची नसते."

अपा पुटपुटत राहिली, आजकालच्या सुना, लाजलज्जा, वगैरे. पण नाही म्हणाली नाही.

संध्याकाळी कुल्याशने काम लावलं. कुणाच्यातरी आईचा चेहरा पडद्यावर हळूहळू मोठा होत होता आणि कार्ड आपली शिटी वाजवत होतं. ती एकदाही मागे वळली नाही. न वळणं फार जड गेलं.

"कुल्याश."

तिने माऊसवरचा हात उचलला, पण उठली नाही. एवढीशी हाक पुरणार नव्हती.

"कुल्याश! अगं ऐकू येत नाही का? मला जायचंय. ये, धर मला!"

"आले, अपा," कुल्याश म्हणाली, आणि अर्धवट चेहरा तसाच सोडून उठली.