मागच्या सीटवरून काटोल

नागपूर मला पहिल्यांदा कोपरापाशी भेटलं. गाडीतून उतरतो न उतरतो तोच कुणीतरी माझं कोपर धरलं आणि काही न विचारता मला जिन्याकडे ओढत नेलं. मला जायचं होतं पार्सल ऑफिसात, जोडसायकल सोडवायला. आंधळा दिसला की त्याला आधी जिना दाखवायचा, असा या देशात अलिखित नियम असावा.

कॉलेजात असताना मी पुण्याला शर्यतीची होडी वल्हवत असे. वल्हवणारे पाठमोरे बसतात. पुढचं दिसतं ते फक्त सुकाणू धरणाऱ्याला. त्यामुळे तिशीच्या आत माझे डोळे गेले तेव्हा पुढचं न दिसण्याची सवय आधीपासूनच होती. पण आंधळ्याला पाण्यात न्यायला मंडळी घाबरली आणि नदी सुटली. मग जोडसायकल धरली. तिच्यावर दोघं बसतात, पुढचा वळवतो आणि पायडल दोघं मारतात. आठ वर्षांत सहा लांबच्या फेऱ्या केल्या. सहाही प्रमाणपत्रं पुढच्याच्या नावावर निघाली. मागचा नुसता बसून येत नसेल कशावरून, हे सगळीकडचं म्हणणं. नागपूर ते काटोल आणि परत, या फेरीत मला कागदावर माझं नाव हवं होतं. दुसरं काही नको होतं.

पुढच्या सीटवर होते वामनराव, खापरखेड्याच्या वीज केंद्रातले फिटर. माणूस सोन्यासारखा, पण आधी खड्डा आणि मग "खड्डा हाय गा" असं सांगणारा.

सकाळी सीताबर्डीवर तर्री-पोहे (चण्याच्या झणझणीत रश्श्यातले पोहे) मागवले. हॉटेलवाल्याने वामनरावांना विचारलं, "यायले तिखट चालते का?"

"तिखट जिभेला लागतं, डोळ्यांना नाही," मी म्हटलं. त्याने माझी प्लेट तरीही फिक्कीच आणली.

फेब्रुवारीची थंडी होती. काटोल जवळ आलं तसा दोन्ही अंगांनी संत्र्याच्या फुलांचा वास यायला लागला, त्यात ओली माती आणि डिझेल पंपाचा धूर मिसळलेला. तेवढा अर्धा तास मी कुणावरही चिडलो नाही.

काटोलच्या एका शाळेत अकराच्या आत पोचल्याची सही घ्यायची होती. चहाच्या टपरीवर वामनरावांनी शाळा विचारली. टपरीवाल्याने माझा काळा चष्मा पाहिला असणार. "सरळ जा न भाऊ, तेथं लय गर्दी हाय," तो म्हणाला. गर्दी होतीच. कुणीतरी मला बाकावर बसवलं, मान मागे केली, आणि मी "अहो, सही..." म्हणेपर्यंत दोन्ही डोळ्यांत औषध पडलं. ते नेत्रशिबिर होतं.

"घाबरू नोको बापू," शेजारची म्हातारी म्हणाली. "माह्या एक डोया (डोळा) काल झाला. आज मले कोंबडा दिसून राह्यला."

मला कोंबडा नको होता, सही हवी होती. आणि वामनराव? ते शांतपणे म्हणाले, "आता आलोच हावो त दाखवून घे न गा."

मी त्यांना काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गावाच्या दुसऱ्या टोकाच्या खऱ्या शाळेत अकराला दोन मिनिटं कमी असताना सही मिळाली. चारच्या आत परत सीताबर्डीला पोचायचं होतं. त्या शिबिरापायी वामनरावांनी सकाळीच जीव तोडून पायडल मारले होते, आणि त्याचं फळ परतीला फेटरीपाशी मिळालं. त्यांच्या दोन्ही मांड्यांत गोळे आले.

"थांबतो गा. पाय लाकडावानी झाले."

"पाय नुसते ठेवा आणि हँडल धरा," मी म्हटलं. दोघांचे पायडल एकाच साखळीवर फिरतात. होडीत मोजायचो तसे दहा-दहा मोजत मी त्यांचे पाय, माझे पाय आणि ती सायकल सीताबर्डीपर्यंत ओढली. दहा मिनिटं राखून पोचलो.

वामनरावांनी लगेच सगळ्यांना सांगितलं, "फेटरीपासून म्या काईच नाही केलं. यायनंच आनलं मले."

टाळ्या पडल्या. "काय मोठं मन आहे वामनरावांचं!" फेरी भरवणाऱ्या क्लबचे सेक्रेटरी गहिवरून म्हणाले. प्रमाणपत्र वामनरावांना गेलं. माझ्या खांद्यावर शाल पडली आणि हातात नारळ आला.

मी शाल काढून टेबलावर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला. "सत्कार नको. नाव लिहा."

"यांना राग काहून आला?" सेक्रेटरींनी वामनरावांना विचारलं.

"मले काय पुसता? त्यायलेच पुसा न," वामनराव म्हणाले, आणि त्यांचा कागद टेबलावर आपटल्याचं मी ऐकलं. "अन् हे माह्यंबी ठेवा. मी त नुसता बसून आलो. बसनाऱ्याले तुम्ही देत नाही न?"

पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग सेक्रेटरींनी मला माझं नाव विचारलं.

पुण्याला बहिणीने कागद वाचून दाखवला. माझं नाव, आणि पुढे 'यांनी सायकल चालवली'. मी तो तिला तीनदा वाचायला लावला. 

"आता तरी राग गेला का रे, दादा?"

"नाही," मी म्हटलं. "आधीच्या सहा फेऱ्यांची प्रमाणपत्रं राहिलीत. पत्रं लिहायला कागद घे."