तिच्या मागं कोण थांबणार?

माझी नात फुटबॉल खेळते. पहिल्या वर्षी गल्लीतल्या बायका आधी तिच्या अर्ध्या चड्डीकडं बघायच्या आणि मग माझ्याकडं. आता भाजी घेताना मलाच अडवतात, "आज्जी, काल जिंकलं का आपलं?" जिंकल्यावर आपलं, बरं का. हरल्यावर "तुमच्या पोरीला काय झालतं?"

सून सकाळी कामाला जाते, मुलगा पुण्यात गाडी चालवतो, म्हणून पोरीबरोबर ग्राउंडवर जायचं काम माझ्याकडं आलं. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पायरीवर बसून बसून कळायला लागलं. बॉल मागं आला की आमची मागं, पुढं गेला की आमची पुढं. समोरच्या पोरीच्या पायातनं बॉल काढायचा हिनंच आणि पळवत नेऊन पुढच्या पोरीला द्यायचा तोही हिनंच. तिचे सर म्हणायचे, दोन्ही जमणारी पोरगी शंभरात एखादी. ते कौतुक करायचे, पण मला काही ते गोड लागायचं नाही. कारण दोन्ही जमणाऱ्याचं पुढं काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात शिवायला होते. कॉलर, बाही, काज, सगळं यायचं मला. कुणी शिकवलं नाही, शेजारणीच्या हाताकडं बघून शिकले. मग काय, मास्तर सकाळी आले की आधी कोण आलं नाही ते बघायचे आणि मग मला हाक मारायचे. आज काजवर बस, उद्या बाहीवर. बाकीच्या बायकांची आपापली मशीन. तिच्यावर देवाचं चित्र चिकटवलेलं, बसायला घरून आणलेली उशी. माझी बॉबिन केस, खालच्या दोऱ्याची डबी, माझ्या कमरेच्या पिशवीत. जाईन तिथं ती काढायची आणि मशीनला लावायची. कारखाना सुटेपर्यंत माझी म्हणावी अशी एक मशीन नव्हती.

सरांचंही तेच चाललं होतं. मागची पोरगी आजारी, हिला मागं ठेव. गोल पाहिजे, हिला पुढं पाठव. गोलकीपरचा पेपर होता तेव्हा हिच्याच हातात हातमोजे दिले. मी एकदा म्हणाले, "सर, पोरीला एक जागा द्या की."

"आज्जी, ती कुठंही चालते."

"कुटंही चालतं ते मीठ. कमी पडलं की समदी वरडतात, बरोबर असलं तर कोण नाव काढतंय त्याचं?"

सर हसले आणि वहीत काहीतरी लिहीत बसले. मला वाटलं, पटलं. कसलं पटतंय!

पुढच्याच मॅचला घात झाला. शेवटी शेवटी सर ओरडले, "पुढं जा, पुढं जा!" ही गेली. बॉल सुटला, समोरच्या पोरी मोकळ्या रानातनं पळाव्यात तशा पळत आल्या आणि गोल. शिट्टी वाजल्यावर सगळ्या पोरी हिच्यावर. "तू जागेवर का नव्हतीस?" सरसुद्धा म्हणाले, "परत यायला उशीर केलास." घरी आल्यावर पोरीच्या पायाला तेल लावायला बसले तर तिनं पाय ओढून घेतला.

त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या निवडीचा फॉर्म आला. पालकांची सही पाहिजे होती. पोरीनं सगळं भरलं होतं, फक्त 'खेळण्याची जागा' हा रकाना मोकळा. सरांना विचारून लिहिते म्हणाली आणि अंघोळीला गेली. मी चष्मा लावला. त्या मोकळ्या रकान्याकडं बघितलं आणि मला माझी कमरेची पिशवी आठवली. मोकळं राहिलं तर हिलाही फिरवत बसतील. पुढं पाठवतील आणि मागं गोल झाला की हिच्याच नावानं खडे फोडतील. मी पेन घेतलं आणि माझ्या अक्षरात लिहिलं, 'मागे'. सही केली, पाकिटात घातलं आणि पाकीट चिकटवलं. ती बाहेर आली तेव्हा म्हणाले, "दिलं भरून समदं." तिला वाटलं सहीचंच म्हणते, रकान्याचं सर बघतील.

निवडीच्या दिवशी ऊन मरणाचं. वेगवेगळ्या शाळांच्या पोरी मिसळून दोन टीम केल्या. निवड करायला एक मॅडम आल्या होत्या. डोक्यावर टोपी, हातात फॉर्मचा गठ्ठा. फॉर्म बघून एकेकीला उभी करत होत्या. आमचीला अगदी मागं, गोलकीपरच्या पुढं उभी केली. तिनं वळून पायरीवर माझ्याकडं बघितलं. मी पदरानं तोंड पुसत बसले.

खेळ सुरू झाला. पोरगी बॉल काढायची, चार पावलं पुढं जायची आणि थांबायची. दावणीला बांधलेल्या कालवडीसारखी. पुढं रान मोकळं दिसत होतं, मला म्हातारीला दिसत होतं, पण ही बॉल दुसरीला देऊन परत मागं. चूक एक नाही. पण मॅडमचं पेन तिच्यासाठी एकदाही हललं नाही.

तिचे सर माझ्याजवळ आले. "आज्जी, फॉर्मवर 'मागे' कुणी लिहिलं?"

"मी."

"अहो, का?"

"तुमी सारखं फिरवता म्हणून."

त्यांनी कपाळाला हात लावला. मीही लावला असता, पण हातात पाण्याची बाटली होती.

तेव्हा मला बाहीची गोष्ट आठवली. एकदा मी बाह्यांचा अर्धा गठ्ठा शिवला होता, तेवढ्यात मास्तरांनी उठवून कॉलरवर बसवलं. माझ्या जागी कुणालाच बसवलं नाही. येता-जाता एका नव्या बाईनं तो गठ्ठा पुरा केला, डाव्या बाह्या उजवीकडं लावून. शिव्या मला. इतकी वर्षं मला वाटत होतं, मला फिरवलं ही चूक. तसं नव्हतं. कॉलर मी चांगलीच शिवली होती. मी उठल्यावर माझ्या जागी कुणी बसलं नाही, चूक ती होती.

मी म्हणाले, "सर, हिला मधी ठेवायला सांगा. मधली जागा हिची. तितनं पुढं जाऊ दे, मागं येऊ दे. पण ही पुढं गेली की दुसऱ्या एकीनं हिच्या जागी थांबायचं, आणि कुणी थांबायचं ते आधीच ठरवायचं."

सर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण मी सांगितलं तर म्हणतील, स्वतःच्या शाळेच्या पोरीसाठी बोलतोय."

मग मीच उठले. पोरी पाणी पीत होत्या. सगळं ग्राउंड ओलांडून त्या टोपीवाल्या मॅडमपर्यंत चालत गेले. सांगितलं, "बाई, त्या फॉर्मवरचं अक्षर माजं हाय. पोरीचं न्हाय. चुकलं माजं." आणि वर ते दुसरीनं हिच्या जागी थांबायचंही सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "आज्जी, तुम्ही कोच आहात का?"

"न्हाय, मी बाह्या शिवायची."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी नातीला बोलावलं, "तू कुठं खेळतेस?" पोरगी माझ्याकडं बघत म्हणाली, "मध्ये." आवाजात राग होता. मॅडमनी तिला मध्ये घेतलं आणि दुसऱ्या शाळेच्या एका उंच पोरीला बजावलं, "ही पुढं गेली की तू हिच्या जागेवर. विसरायचं नाही."

दुसऱ्या डावात गोल तिनं केला नाही. पण जो झाला, त्याचा बॉल तिनं आपल्या गोलजवळून काढून आणला होता. बॉल पुढच्या पोरीला दिल्यावर मी तिच्याकडं बघितलंच नाही, मागं बघितलं. उंच पोरगी जागेवर उभी होती. मॅडमचं पेन हललं.

परत येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "मला विचारायचं होतंस की." मी म्हणाले, "व्हय."

चार दिवसांनी सरांचा फोन आला. नाव यादीत होतं. आता आठवडाभर बाहेरगावी शिबिर, नव्या पोरी, नवे सर. काल ती बॅग भरत होती, मी बुटांच्या नाड्या बघत होते.

"तितं तुज्या मागं कोण थांबणार?"

"गेल्या गेल्या विचारते, आज्जी."

"आन् कुणीच न्हाय म्हणाले तर?"

"तर तुला फोन लावते. तूच सांग त्यांना, सरांना सांगितलंस ते मिठाचं."

ती हसली. मला काही हसू आलं नाही. मी उठले आणि फोन चार्जिंगला लावला.