पुण्याच्या पानावरचा आमचा भात

दुसऱ्याच्या संकेतस्थळाचा दुवा द्यायचा तर आधी त्याला विचारावं, त्याचं नाव नीट लिहावं आणि अधूनमधून जाऊन बघून यावं. एवढी साधी रीत. पण आपल्या पानावर शंभर दुवे टांगून जगाचा पत्ता आपल्यालाच ठाऊक, अशा थाटात वावरणाऱ्यांना ती कोण शिकवणार? अशाच एका पुणेकर महाशयांशी माझी गाठ पडली. तेव्हा तंजावूरला गल्लोगल्ली ब्राउझिंग सेंटरं निघाली होती.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गणिताचे निवृत्त मास्तर. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात आणि लिहितात मात्र तमिळ लिपीत. नागरी मला एकटीला येई, तीही हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. अप्पांनी आमच्याकडच्या भातांच्या कृती वहीत लिहून काढल्या. मी ती पानं स्कॅन करून इंटरनेटवरच्या एका फुकट जागेत चढवली. वर अप्पांच्याच अक्षरात मथळा होता: तंजावूरच्या भाताचे प्रकार.

आता तमिळमध्ये प, ब, भ यांना एकच अक्षर. त आणि द यांनाही एकच. आमचं काही अडत नाही, कारण शब्द आधीच तोंडात असतो. महाशय तमिळ अक्षरं नुकतीच शिकले होते, अर्ध्या हळकुंडाने पिवळे. जगभरच्या मराठीची त्यांनी एक यादी केली होती. तिच्यात आम्हांला न विचारता आमचा दुवा घातला आणि नागरीत लिहिलं: तंजावूरच्या पादाचे प्रकार. पुढे कंसात, चिंचेचा, लिंबाचा, दह्याचा इत्यादी. अहो, दह्याचा कसा असेल, एवढी तरी शंका यावी की नाही?

मी मेल पाठवली. उत्तर नाही. दुसरी पाठवली, अक्षरांची भानगड समजावून. महिन्याने दोन वाक्यं आली: ‘दुवा तपासला. चालतो आहे.’ धन्य! कुलूप उघडतं का ते पाहिलं, दारावरची पाटी कोण वाचतो?

इकडे अप्पा हरखले होते. पुण्याच्या लोकांनी आपल्याला यादीत घेतलं, हे ते रस्त्यात भेटेल त्याला सांगत. दर रविवारी मला विचारत, काय लिहिलंय गं आपल्याबद्दल? आणि मी सांगे, तंजावूरच्या भाताचे प्रकार. आपल्याकडे आलेल्या माणसाला तांबूल दिल्याशिवाय पाठवायचं नाही, म्हणून आपल्या पानावर त्यांचाही दुवा द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. पण परवानगी घेऊनच. पत्र त्यांनीच सांगितलं: आपल्या घरची वाट आमच्या लोकांना दाखवू का? त्याचं उत्तर कधीच आलं नाही. उत्तर नाही म्हणून अप्पांनी दुवाही देऊ दिला नाही. मला इतका संताप आला की त्या माणसाचं नाव काढलं तरी अंगाचा तिळपापड होई.

मग अप्पांना त्या यादीचा कागद हवा झाला. चौकट करून हॉलमध्ये लावणार म्हणाले. महाराष्ट्रातून कुणी पाहुणे आले की त्यांना दिसेल. मी कागद छापून आणला, त्या एका शब्दावर व्हाइटनर लावला आणि वरून जपून ‘भाताचे’ लिहिलं. अक्षर थेट छापल्यासारखं काढलं होतं.

अप्पांनी कागद हातात घेतला आणि उजेडाकडे तिरका धरला. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला माणूस! वाचता येत नव्हतं, पण खोडलेलं कळत होतं.

“इथे काय होतं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, रविवारसकट. ते हसतील असं मला वाटलं होतं.

“त्याने न विचारता चुकीचं लिहिलं,” ते म्हणाले. “मी तर तुला दर आठवड्याला विचारत होतो.”

कागदाची घडी घालून त्यांनी ती वहीत ठेवली. पुण्याच्या पानावर ते तसंच राहिलं, अगदी चालू अवस्थेत. दुसऱ्या दिवशी कॉफी झाल्यावर अप्पांनी वही पुढे केली आणि मला आधी ‘भ’ काढून दाखवायला सांगितलं, मग ‘प’.